चिन्ह मिळालं तेव्हा चौदा दिवस उरले होते

आमच्या वहिनी २०२४ च्या विधानसभेला अपक्ष उभ्या होत्या. डिपॉझिट गेलं. त्याचं दुःख आम्हाला नाही, कारण अर्ज भरतानाच घरात सगळ्यांना अंदाज होता. पण त्या महिन्याभरात एक गोष्ट अगदी जवळून पाहिली, अपक्षाला निवडणूक चिन्ह किती उशिरा मिळतं ती. ती कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहितोय. वाचायला जरा मोठं आहे, पण वाचा.

वहिनी वीस वर्षं शिवणक्लास चालवतात. तालुक्यातल्या शंभरेक गावांतल्या पोरी त्यांच्याकडे शिकून गेल्या. कुणाच्या गावची विजेची डीपी जळाली, कुणाच्या गावचा टँकर बंद झाला, तर बाया आधी क्लासवर येतात. त्यांनी उभं राहायचं ठरवलं ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांची डॉक्टर नाही म्हणून. अडलेली बाळंतीण जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यायची, हे त्यांनी स्वतः चार-पाच वेळा केलंय. अर्ज, निवेदनं, उपोषण सगळं झालं. शेवटी एक दिवस जेवताना म्हणाल्या, "भाऊजी, अर्ज देऊन देऊन थकले. आता अर्ज भरते."

मी त्यांची खर्चाची वही ठेवली. त्यामुळे कायदा पाठ झाला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारा मतदार, लागतो एक, अपक्षाला दहा, तेही त्याच मतदारसंघातले. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीला पाच. नमुना २६ चं शपथपत्र, त्यात एकही रकाना कोरा सोडायचा नाही. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं. खर्चाची मर्यादा ४० लाख. आमची वही ३ लाख ८४ हजारांवर बंद झाली, त्यातले निम्मे क्लासच्या जुन्या पोरींनी पाठवलेले. या कुठल्याच अटीबद्दल माझी तक्रार नाही. दहा सूचक आम्हाला एका सकाळीत मिळाले, उलट जास्तीचे परत पाठवावे लागले.

अडलं ते चिन्हावर.

२०२४ चं वेळापत्रक आठवा. अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर. ३० ला छाननी. मग दिवाळीच्या सुट्ट्या, आणि माघारीचा शेवटचा दिवस सोमवार, ४ नोव्हेंबर, दुपारी तीनपर्यंत. अपक्षाला चिन्ह मिळतं ते त्यानंतर. प्रचार संपला १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला. म्हणजे हातात दिवस चौदा. आमच्या मतदारसंघात गावं सव्वाशे आणि बूथ साडेतीनशेच्या आसपास. रोज नऊ गावं केली तरच एकदा फिरून होतं. एका गावाला तासभर द्यायचा म्हटलं, तर नऊ तास नुसते गावात आणि रस्ता वेगळा. त्यात सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरणी चाललेली, दिवसा गावात माणूस सापडत नव्हता.

अर्जात मुक्त, म्हणजे कुठल्या मान्यताप्राप्त पक्षासाठी न राखलेल्या, चिन्हांपैकी तीन चिन्हं पसंतीक्रमाने द्यावी लागतात. वहिनींनी पहिलं लिहिलं होतं शिलाई मशीन. त्यांना सगळी बाईमाणसं ओळखतात ती त्याच नावाने, "मशीनवाल्या ताई". दुसरं कपबशी, तिसरं कपाट. तहसीलच्या आवारात लिंबाखाली आम्ही सातजण उभे होतो आणि वहिनी आत. एका नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवारानेही शिलाई मशीनच मागितलं होतं. नियम असा की अशा पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांनी एकच चिन्ह मागितलं तर पक्षवाल्याला द्यायचं. मशीन गेलं. कपबशीला आणखी एक अपक्ष होता, म्हणून चिठ्ठी टाकली. तीही गेली. वहिनी बाहेर आल्या, हातातला कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "कपाट." दुसरं काही बोलल्या नाहीत. मोबाईल काढला आणि छापखान्याला फोन लावायला लागल्या.

छापखान्यात मोठ्या पक्षांचं काम गठ्ठेच्या गठ्ठे बांधून तयार होतं. त्यांचं चिन्ह पोरासोरांना पाठ आहे, त्यांना ४ तारखेची वाट बघायची गरजच नव्हती. आमचं पत्रक ८ तारखेला हातात आलं. म्हणजे चौदातले चार दिवस आम्ही तोंडी सांगत फिरलो. काय सांगायचं होतं तेही ऐका. २१ उमेदवार आणि नोटा. एका मशीनवर सोळाच बटणं असतात, म्हणून दोन मशीन जोडलेली. यादीत आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि त्या-त्या गटात अक्षरक्रम. वहिनींचा नंबर १९. म्हणजे दुसऱ्या मशीनवर वरून तिसरं बटण, कपाट. हे वाक्य मी त्या दोन आठवड्यांत किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशोब नाही. आजही झोपेत म्हणेन.

बाया हक्काने बसवायच्या, चहा द्यायच्या. दोन्ही आघाड्यांनी महिन्याला २,१०० आणि ३,००० चे शब्द दिले होते, त्यामुळे "ताई, तुम्ही किती देणार?" हाही प्रश्न यायचा. वहिनी सांगायच्या, मी पैसे देऊ शकत नाही, दवाखान्यात डॉक्टर आणायला भांडू शकते. एकही बाई त्यावर तोंड वाकडं करून उठली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "नवीन माणूस लोकांना नको असतो" असं जे सर्रास म्हणतात, त्यावर माझा आता विश्वास नाही.

नवखा निवडून येतो. डहाणूत २०१९ ला विनोद निकोले पहिल्यांदा आमदार झाले. कधीकाळी वडापावची गाडी चालवलेला माणूस. पण त्यांच्यामागे माकपचा हातोडा-विळा-तारा होता, जो तिथल्या पाड्यापाड्यांवर पिढ्यानपिढ्या माहीत आहे. माणूस नवा चालतो, खूण जुनी लागते. आणि खुणेचा घोळ झाला तर भल्याभल्यांना कसा फटका बसतो, ते २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा 'तुतारी वाजवणारा माणूस' हरला ३२,७७१ मतांनी, आणि तिथेच एका अपक्षाच्या तुतारीसारख्याच पिपाणीला पडली ३७,०६२ मतं. त्या पक्षाला ते चिन्ह फेब्रुवारीत मिळालेलं, स्वतः पवारांसारखा माणूस गावोगाव फिरत होता, तरी ही गत. मग चौदा दिवसांत कपाट कुणाच्या डोक्यात बसणार? विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यात दोन हजारांवर अपक्ष. निवडून आले दोन.

इतके कमी दिवस काही पूर्वापार चालत आलेले नाहीत. माघार आणि मतदान यांत आधी किमान वीस दिवस असायचे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १९९६ च्या दुरुस्तीने ते किमान चौदा झाले. त्याच दुरुस्तीने विधानसभेची अनामत २५० वरून ५,००० केली आणि अपक्षाला दहा सूचक लावले. कारण खरं होतं. त्या वर्षी तमिळनाडूत मोडकुरिची मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले, आंध्रात नलगोंडा लोकसभेला ४८०. निषेध म्हणून शेतकऱ्यांनी आणि पाण्यासाठी लोकांनी भरलेले अर्ज होते ते. मतपत्रिकेची पुस्तकं छापावी लागली. गर्दी रोखायला अनामत आणि सूचक ठीक. पण दिवस कमी करून गर्दी कशी कमी होते, हे मला कुणी समजावून सांगावं. दिवस कमी झाल्याने फक्त एवढंच झालं की ज्याला लोक आधीच ओळखतात त्याचं बरं झालं.

माझं मागणं सरळ आहे. ज्याला अपक्ष लढायचंय त्याने विधानसभेची मुदत संपायच्या तीन महिने आधी दहाऐवजी शंभर मतदारांच्या सह्या आणि अर्धी अनामत भरावी, आणि त्याला तेव्हाच चिन्ह राखून ठेवावं. मागाहून उभा राहिला नाही तर अनामत जप्त. मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षांना पुरेशा जागा लढवायच्या असतील तर समान चिन्हासाठी आधी अर्ज करता येतोच. जी सोय लहान पक्षाला आहे ती एकट्या माणसाला का नको? डमी उमेदवार वाढतील म्हणाल, तर डमी नेहमी शेवटच्या दिवशी येतात. तीन महिने आधी शंभर सह्या जमवत फिरणारा डमी नसतो.

आणि जे म्हणतात "अपक्षाला मत म्हणजे मत वाया", त्यांना हात जोडून विनंती आहे, हे वाक्य उमेदवाराच्या तोंडावर म्हणू नका. वहिनींना ते मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्याच गल्लीत एका शिकलेल्या माणसाने ऐकवलं.

मतं पडली ४,२१८. निकालानंतर आठवड्याने एक म्हातारी क्लासवर आली. तिची नात इथे शिकलेली. वहिनींचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, मी शिलाई मशीनवरच दाबलं बघ. लाल लाईट लागली, पीं वाजलं, मी पाहिलं." वहिनी म्हणाल्या, "बरं केलंत आजी." आजी गेल्यावर कितीतरी वेळ त्या कापड कापत राहिल्या.

नंतर बूथवार आकड्यांचा फॉर्म २० मिळाला. मी रात्री बसून आमच्या दौऱ्याच्या वहीशी एकेक गाव ताडून पाहिलं. जिथे पत्रक घेऊन दोनदा गेलो त्या गावांत चाळीस, साठ, एका ठिकाणी ११२. ज्या अकरा गावांत पहिल्या चार दिवसांत रिकाम्या हाताने गेलो आणि परत जायला जमलं नाही, तिथे दोन, तीन, एक. त्या अकरांपैकी सहा गावांत वहिनींच्या क्लासच्या पोरी दिल्या आहेत. आणि त्या अकराही गावांत शिलाई मशीनला दोन आकडी मतं आहेत, ज्या उमेदवाराचं तोंडही त्या गावांनी पाहिलेलं नाही.