शुद्धीवर आला म्हणजे सुटला असं नाही, काकाजी

थंडी पडली की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो काकाजींनी टाकला: "बंद खोलीत शेगडीनं गुंगी आली तर माणसाला मोकळ्या हवेत आणा. ऑक्सिमीटर ९५ च्या वर दाखवतो आणि माणूस बोलतो, म्हणजे धोका टळला. दवाखान्याचा खर्च करू नका. खोलीत पाण्याची बादली ठेवा, गॅस त्यात विरघळतो."

मोकळ्या हवेत आणा, एवढं बरोबर आहे.

बादलीचं आधी उरकतो. शेगडीतून निघणारा हा विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला वास नाही, रंग नाही. आपण धूर संपून निखारे लाल झाले की शेगडी आत घेतो ना? धूर गेला तरी हा वायू निघतच असतो.

ऑक्सिमीटर करोनापासून घरोघरी आहे, म्हणून त्याच्यावर भरवसा. पण तो रक्तातून जाणाऱ्या प्रकाशावरून अंदाज बांधतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो, आणि असं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजननं भरलेलंच वाटतं. माणूस गुदमरलेला आणि आकडा ९८! खरं कळतं ते रक्ताच्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासणीत. तीही वेळेत व्हावी लागते, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं.

आता "बोलतो म्हणजे टळला". मला राग आहे तो या वाक्याचा. काही जण पूर्ण बरे होतात, कामावर जातात आणि दोन दिवसांपासून साधारण चाळीस दिवसांत कधीही बिघडतात. विसरायला लागतात, गप्प बसतात, पावलं घासत चालतात, लघवीवर ताबा राहत नाही. घरचे म्हणतात वय झालं, कुणी म्हणतं बाहेरची बाधा. वायू तर केव्हाच शरीरातून गेलेला असतो, पण त्यानं सुरू केलेली जळजळ मेंदूत चालूच राहते आणि मज्जातंतूंवरचं वेष्टण खराब होतं. सगळ्यांना होत नाही. बेशुद्ध पडलेल्यांना, बराच वेळ खोलीत राहिलेल्यांना आणि वय झालेल्यांना धोका जास्त. बरेच जण वर्षभरात सुधारतात, सगळे नाही.

राहिला खर्च. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला की वायूचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तासांऐवजी तास-दीड तासच लागतो. जास्त दाबाच्या चेंबरमधल्या ऑक्सिजननं आणखी लवकर. मात्र उशिराचा त्रास त्यानं नक्की टळतो का, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही.

काकाजींनी लगेच विचारलं, "मग काय, महिनाभर उशाशी बसायचं का बाप्पा?"

बसू नका. पण महिन्याभरानं माणूस घरचा रस्ता चुकला आणि तुम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं, तर शेगडीची ती रात्र तारखेसकट सांगा. डॉक्टरांना ती कुठल्या यंत्रात दिसणार नाही.