'तिशीनंतर अंडी सडतात' हा मेसेज पुढे ढकलू नका

दारव्हा तालुक्यातल्या ग्रुपांवर माझ्या फोटोसह फिरतंय: 'तिशीनंतर बाईची अंडी सडतात, आपल्याच पोरीचं संशोधन. मुली विशीच्या आत उजवा.' मी असं कुठंही म्हटलेलं नाही.

माझं काम उंदरांच्या बीजांडांवर, म्हणजे मादीच्या अंड्यांवर आहे. बाईची बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पुढं वर्षानुवर्षं त्यातल्या गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात, मग बीजांडात गुणसूत्रांची वाटणी चुकते. हे हळूहळू होतं, पस्तिशीनंतर जास्त. बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त आल्यानं होणारी जन्मजात स्थिती) असण्याची शक्यता आईच्या ३० व्या वर्षी साधारण हजारात १, ४० व्या वर्षी शंभरात १. उलट विशीआतल्या बाळंतपणात आईला झटके (फिट) येण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका अधिक. (बापाच्या वयाचाही परिणाम होतो, त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.)

जिथं तो मेसेज टाकला असेल, तिथून काढा अन् हा टाका.