अंगात कोळ्याने अंडी घातली? आधी फॉरवर्ड करा, मग बघू

दंडावर अचानक फोड उठलेत, बाजूला लाल झालंय, ठणकतंय पण? मग डॉक्टरकडे जायची घाई मुळीच करू नका. आधी जवळून, जरा ब्लर येईल असा फोटो काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. ठाण्याची आत्या पाच मिनिटांत सांगेल की कोळी मुतलाय, त्यावर डोंबिवलीचे भावोजी म्हणतील अहो नुसता मुतला नाही, अंडी घातलीत आत, आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मेहुणीच्या गालातून शंभरेक पिल्लं बाहेर आली होती. कुठलं हॉस्पिटल, कधीची गोष्ट, असलं काही विचारायचं नाही, भावोजींचा मान असतो.

ग्रुपवर एखादा झूलॉजीवाला भाचा असतोच, तो मध्ये तोंड घालणार. म्हणे कोळ्याची मादी चावते तोंडाने आणि अंडी येतात पोटाच्या खालच्या बाजूने, तिथे कातडी भोसकायला सुईबिई काही नसते, शिवाय ती आधी रेशमाची गादी विणते, त्यावर अंडी घालते आणि वरून परत रेशीम गुंडाळून कोष करते. म्हणजे तुमच्या गालात एवढा संसार थाटायचा तर तिला तिथे पागडीवर खोलीच घ्यायला लागेल. कोळ्यांच्या नोंद झालेल्या जातींनी 2022 मध्ये 50,000चा आकडा ओलांडला, त्यातली एकही माणसाच्या अंगात अंडी घालत नाही, असंही तो म्हणेल. भाच्याला ताबडतोब म्यूट करा.

आणि हो, बाथरूममधल्या त्या मोठ्या तपकिरी कोळ्याकडे नीट बघायला जाऊ नका, उगाच खरं दिसेल. मादी असली तर कधीकधी पोटाखाली नाण्यासारखी गोल, चपटी, पांढरट पुडी घट्ट धरून भिंतीवर बसलेली असते, तीच तिची अंडी, आणि पिल्लं निघेपर्यंत ती पुडी स्वतःच वागवत फिरते. छताच्या कोपऱ्यातला तो काडीसारख्या पायांचा कोळी तर अंड्यांचा झुबका चक्क तोंडात धरून लटकतो. एवढं जिवापाड जपणारी बाई तुमच्या दंडात पोरं सोडून जाईल? पण हे लिहू नका, लाइक येत नाहीत. ठाण्याकडे सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये शहीद तुकाराम ओंबळेंचं नाव दिलं, तेही टाकू नका. त्यात कुणाच्या गालातून काही बाहेर येत नाही ना.

कमीपणा वाटून घेऊ नका, अमेरिकेत पण हेच चालतं. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या पोरांत अफवा उठली की बबल यम नावाच्या च्युइंगममध्ये कोळ्याची अंडी आहेत, शेवटी कंपनीला पेपरात पानभर जाहिराती देऊन नाही हो नाही सांगायला लागलं. आणि 2023 मध्ये तैवानच्या एका 64 वर्षांच्या बाईंच्या कानात खरोखरचा जिवंत कोळी निघाला, बाजूला त्याने टाकलेली कात. चार दिवस आत राहून कात टाकली पण अंडं एक नाही! डॉक्टरांनी ओढून काढला, विषय संपला. असल्या फुसक्या केसेस फॉरवर्ड करण्यात अर्थ नाही.

आता ते फोड. पावसाळ्यात ट्यूबलाइटपाशी केशरी-काळा, मुंगीएवढा एक किडा येतो, तो मानेवर बसला की आपण झोपेत चिरडतो, त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा रस कातडीला लागतो आणि भाजल्यासारखे फोड एकदोन दिवसांनी उठतात, तोवर किडा कुणाच्या लक्षात असणार, मग नाव कोळ्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. किंवा ती नागीण असते, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दबा धरून बसलेला. तिच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त फायदा होतो, म्हणून ते 72 तास कोळ्याच्या चर्चेत नीट घालवा, मध्येमध्ये गेरू लावा.

जाताजाता एक सांगून ठेवतो. कोळ्याचा आठ पायांचा एक लांबचा नातेवाईक खरंच माणसाच्या कातडीत बोगदा खणतो आणि त्याची मादी आत रोज दोनतीन अंडी घालते. तोच तो खरजेचा किडा. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला खाज, रात्री जास्तच, आणि एकाला झाली की घरभर. अंगात अंडी, तीसुद्धा शंभर टक्के खरी, पण याचा फोटो कधी बघितलाय ग्रुपवर? छे, खरूज म्हणजे लाज, कोळी म्हणजे थरार. औषध तर इतकं मिळमिळीत की सांगायलाही नको, डॉक्टर लिहून देतील ते पर्मेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, डॉक्टर म्हणतील तेव्हा परत एकदा, चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. तेव्हा दारंखिडक्या लावून गुपचूप लावा, आणि गॅलरीत एवढ्या चादरी कशा वाळत घातल्या म्हणून शेजारच्या काकूंनी विचारलंच तर बिनधास्त सांगा, कोळी चावला.