घोडा नसलेली वरात

सांगलीकराला कशाचा ना कशाचा अभिमान असतोच. कुणाला हळदीचा, कुणाला भडंगाचा, कुणाला 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं त्याचा. मला आमच्या बँडच्या गायकाचा आहे. बँड म्हणजे गिटारवाल्या पोरांचा नव्हे, लग्नातला. लाल कोट, सोनेरी झालर, दोन क्लॅरिनेट, चार ट्रंपेट, पोचे आलेला एक युफोनियम आणि शेवटी भोंगे बांधलेला हातगाडा. एका हातानं तो गाडा धरून दुसऱ्या हातात माइक घेऊन चालणारा, तो आमचा गायक.

बावीस वर्षं मी त्याच्या मागं आहे. आमंत्रण नसलेल्या वरातीतसुद्धा. यार्डातल्या पेढीवर हळदीचे हिशेब मिटवून निघालो आणि हरभट रोडवर तो आवाज कानावर आला की सायकल आपोआप वळायची. बायको म्हणते, एवढं माझ्या माहेरच्या लग्नांना आला असता तर.

त्याची करामत काय, तर तो घोड्याच्या चालीवर गातो. एकदा मारुती चौकात नवरदेवाचा घोडा उसाच्या गुऱ्हाळासमोर चिपाडं बघून जो थांबला, तो हलेना. मोतद्दार लगाम ओढतोय, करवली रुसलीय, नवरदेव मुंडावळ्यांतून घड्याळ बघतोय. गाणं तर कडव्यावर आलेलं. पठ्ठ्यानं मुखडा परत घेतला. मग परत. मी मोजले, अकरा वेळा. एकदा लाडात, एकदा रडवेला, एकदा नवरीच्या मामाकडं बघून, कारण मामाच्या हातात शंभराची नोट होती. अकराव्याला घोड्यानं पाय उचलला आणि यानं त्याच पावलावर कडवं सोडलं. अंगावर काटा आला राव! मामानं नोट मात्र खिशात घातली.

तर या माणसानं सोलो अल्बम काढला. ‘इलेक्ट्रॉनिक हाय अण्णा,’ म्हणाला. माझ्या लेखी इलेक्ट्रॉनिक म्हणजे फ्रिज आणि टीव्हीचं दुकान. पण माणूस आपला. तीनशेला एक, असे पाच पेनड्राइव्ह घेतले आणि पेढीवर पेढे वाटले.

रविवारी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ऐकायला बसलो. दीड मिनिट नुसतं धप, धप, धप. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘मिक्सर तर बंद आहे, मग घरघर कसली?’ मी हातानंच गप्प केलं, कारण तेवढ्यात त्याचा आवाज आला. आला म्हणजे, गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून कुणी हाक मारावी तसा. सूर पक्का होता. इतका पक्का की फरशी पुसून घेतल्यासारखा, कुठं पाय ठरेना. बरोबर तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी गाणं संपलं. दुसरं, तेवढंच. तिसरंही. कुणासाठी थांबणं नाही, कुणाच्या मामाकडं बघणं नाही.

हे सगळं त्याच्या भाच्याचं काम. तो पुण्यात शिकून आलाय. त्यानं मला समजावून सांगितलं, ‘काका, ऑटोट्यून आहे. सूर हलला की यंत्र त्याला जागेवर बसवतं.’ 1997 साली बाजारात आलेलं हे सॉफ्टवेअर ज्या माणसानं केलं, तो आधी जमिनीखालचं तेल शोधायच्या धंद्यात, भूकंपलहरींच्या गणितात होता म्हणे. आमच्या गायकाच्या गळ्यात त्याला काय सापडलं देव जाणे. आणि ते धप धप? ‘एट-ओ-एट, काका. जपानी ड्रम मशीनचा आवाज, 1980 सालचा.’ म्हणजे नवं नवं म्हणून मी ज्याला भीत होतो, त्यापेक्षा आमचा युफोनियम तरुण निघाला. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढणारे कारागीर तारेखाली दोरा केसभर इकडं-तिकडं सरकवत तंबोऱ्याला बोलता करतात. त्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि आमचा मात्र लॅपटॉपला शरण गेला. हे मी भाच्याला बोललो नाही. त्यानं चहा पाजला होता.

खरा प्रसंग पुढंच होता. संध्याकाळी फोन.

‘अण्णा, ऐकलासा?’

‘ऐकलं की.’

‘मग? कसं वाटलं?’

बावीस वर्षांच्या वरातींची शपथ, घसा सुकला. वाईट म्हणावं तर जीव तुटतो, छान म्हणावं तर जीभ वळत नाही. अशा वेळी मराठी माणसाच्या मदतीला एकच शब्द धावून येतो. शेजारणीनं पुरणपोळीत पनीर घातलं तेव्हाही तोच आला होता.

‘वेगळं आहे,’ मी म्हणालो.

पलीकडं शांतता. मग नाक ओढल्याचा आवाज. ‘सगळी नुसतं छान-छान म्हणाली अण्णा. वेगळं म्हणणारं तुमी एकलंच. तुमास्नी कळलं बगा.’

आठवड्यानं तो स्वतः घरी आला, भडंगाची पुडी घेऊन. पुढचा अल्बम आणखी वेगळा करणार होता आणि त्यातलं पहिलं गाणं मला अर्पण. शिवाय येत्या सीझनपासून गाड्यावर लॅपटॉप. मला राहवलं नाही. विचारलं, ‘आणि घोडा थांबला तर?’

‘घोडाबी हाय की त्यात!’ त्यानं मोबाइल काढून बटण दाबलं. टापा वाजू लागल्या. टप टप, टप टप, एकसारख्या, कुठल्याच गुऱ्हाळापाशी न थांबता. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

मी भडंगाचा घास गिळला आणि म्हटलं, ‘वेगळं आहे.’