सर, माझ्या तासाला येऊन बसा

प्राध्यापक मित्रांनो, जरा स्पष्ट बोलतो. शाळेच्या गुरुजींना बी.एड.ला निरीक्षकासमोर पाठ घ्यावे लागतात. आपण नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालो की थेट वर्गावर. पुढे निवृत्तीपर्यंत आपलं शिकवणं दुसरा प्राध्यापक कधी बघतच नाही.

कॅसची, म्हणजे आपल्या पदोन्नतीची, फाईल बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाची श्रेणी ठरते ती नेमून दिलेल्यापैकी किती तास घेतले यावर. ८० टक्के किंवा जास्त असले की 'चांगले'. त्या तासात काय झालं, पोरांना काय उमगलं, याला रकाना नाही. विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म आहेत, पण सर विषयात कुठे कमी पडले हे एफ.वाय.च्या पोराने कसं सांगावं?

मागच्या सत्रात एका सहकारी सरांच्या परवानगीने मी त्यांच्या अर्थशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर बसलो. मागणीची लवचिकता चालू होती. सर मनापासून शिकवत होते, तूरडाळ आणि मिठाचं उदाहरण तर फारच छान. पण खिडकीच्या उजेडाने फळा चकाकत होता, मागून आलेखाचे अक्ष दिसतच नव्हते. शेजारच्या पोराने वक्र काढला, अक्षांवर काहीच लिहिलं नाही. सरांनी विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग म्हणाला, "हो सर." हा पोरगाही म्हणाला. तासानंतर चहा घेताना सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेख फळ्याच्या दुसऱ्या बाजूला काढला आणि पोरांना वहीत काढून दाखवायला लावला. उदाहरण आधी आणि व्याख्या नंतर, ही त्यांची पद्धत मी उचलली.

आपल्याकडे निम्मा वर्ग एस.टी.ने खेड्यातून येतो. घरातला पहिलाच कॉलेजला आलेला असतो. 'नाही समजलं' म्हणायची हिंमत त्याला कुठून येणार? त्याच्या बाकावर आपल्यापैकीच कुणीतरी बसलं पाहिजे.

भीती मात्र खरी आहे. सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरापोरींना पुढच्या वर्षी ऑर्डर मिळेल की नाही याचा घोर असतो. त्यांच्या वर्गात एचओडी वही घेऊन बसले तर ती तपासणीच. म्हणून सुरुवात कायम असलेल्या ज्येष्ठांनी करावी. आधी आपला वर्ग उघडावा, नव्यांना बोलवावं, त्यांचं ऐकून घ्यावं. काय बघायचं ते शिकवणाऱ्यानेच आधी सांगावं. बोलणं त्याच दिवशी, दोघांतच व्हावं. आणि त्याचा कागद ना गोपनीय अहवालात जावा, ना पदोन्नतीच्या फाईलला. नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला (आयक्यूएसी) नोंद हवी असेल तर 'भेट झाली' एवढंच लिहावं. गुण द्यायला लागलो की दुसऱ्या दिवसापासून सगळे एकमेकांना 'उत्कृष्ट' देतील, हे आपण सगळे जाणतो.

वर्कलोड आहे, परीक्षेची कामं आहेत, मान्य. पण सत्रातून एक तास निघतो.

माझा बी.ए. द्वितीय वर्षाचा मंगळवारचा दुसरा तास सर्वांसाठी उघडा आहे, दुसऱ्या विभागातल्यांसाठीही. यायच्या आदल्या दिवशी फक्त फोन करा. आणि तुमच्या तासाला मला कधी बोलावताय, तेही कळवा.