कोयनेच्या पाण्याचं ओझं : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा जरा राग आला, हे कबूल करतो. सकाळी परत वाचली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लिहिलं होतं, की कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाच्या ओझ्याने जमीन दबली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यावर साहेब म्हणतात : पृथ्वीच्या कवचापुढे तेवढं पाणी म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी. भूकंप खालून वर येतो, वरून खाली जात नाही. किल्लारीला कुठलं कोयनेएवढं धरण होतं? आणि पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला असला धरणविरोधी प्रचार वाचवत नाही.

आधी माशीचा हिशोब. धरण १०३ मीटर उंच. भिंतीपाशी पाण्याची उंची ढोबळमानाने १०० मीटर धरू, म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर १०० टन. भूकंपाचं केंद्र जमिनीखाली ५ ते १० किलोमीटर होतं. ५ किलोमीटरच घेतले तरी तिथे नुसत्या खडकाचा भार दर चौरस मीटरला १३-१४ हजार टन होतो. म्हणजे पाण्याची भर एक टक्कासुद्धा नाही. शिवाय जलाशय लांबट, चिंचोळा; खाली जाईपर्यंत भार पसरून आणखी हलका होतो. तुमची माशी बरोबर आहे. 'ओझ्याने जमीन दबली' हे माझं वाक्य चुकलं. लेखात ते खोडून दुरुस्ती टाकली आहे, खोडलेलंही दिसेल असं ठेवलंय.

पण म्हणून पाणी निर्दोष सुटत नाही. तुमच्या घरी ओट्यावर हे नक्की घडलं असेल : गरम पाण्याने विसळलेली स्टीलची वाटी ओल्या ओट्यावर पालथी ठेवली की ती आपसूक सरकते. कुणी हात लावलेला नसतो. आत कोंडलेली हवा तापते, फुगते, वाटीला खालून किंचित उचलून धरते. वाटीचं वजन तेवढंच, ओट्याचा उतारही तोच, फक्त काठ आणि ओटा यांची पकड सुटते. माझी आई म्हणायची, "वाटीला पाय फुटले."

कोयनेखालच्या खडकातल्या जुन्या भेगेचं तसंच झालं असं मानतात. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात, घर्षणाने अडून राहिलेल्या. फटींमध्ये पाणी असतंच. जलाशय भरला की त्या पाण्याचा दाब वाढतो आणि तो दोन्ही बाजूंना एकमेकींपासून ढकलतो. पकड सैल होते. जलाशयातलं पाणी स्वतः ५ किलोमीटर खाली पोचायची गरज नाही. पाण्याने भरलेल्या नळीचं एक टोक दाबलं की दुसऱ्या टोकाला कळतं, तसा दाब फटीफटीने उतरतो. मात्र फटी केसाहून बारीक असल्या की त्याला महिने, वर्षं लागतात.

आता तो एक टक्का. तुम्ही (आणि मीही) पाण्याची तुलना खडकाच्या एकूण भाराशी केली. तिथेच गफलत झाली. भूकंपात तो सगळा भार मोकळा होत नाही. भेगेत साठलेला जो ताण एका धक्क्यात सुटतो, तो साधारण दर चौरस सेंटिमीटरला १० ते १०० किलो एवढाच असतो. जलाशयाने वाढवलेला दाब, तळापाशी, दर चौरस सेंटिमीटरला १० किलो. खाली जाताना तो घटतो हे खरं. पण भेग आधीच सुटण्याच्या काठावर असेल तर एखाद-दोन किलोही पुरतात.

खालून की वरून, या तुमच्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. ताण खालचाच. भारताचं भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा आपल्याखालचा तुकडा) वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतंय, हिमालयाला रेटतंय, आणि त्याचा ताण सगळ्या द्वीपकल्पात मुरलेला आहे. उधारी जुनीच होती, धरणाने वसुलीची तारीख अलीकडे आणली. म्हणूनच शास्त्रज्ञ 'धरणामुळे झालेला' म्हणत नाहीत, 'जलाशयप्रेरित' म्हणतात. मी हा फरक पाळला नव्हता.

ओझ्याशिवाय नुसत्या दाबाने असं होतं का? अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्याने १९६२ पासून सुमारे ३.७ किलोमीटर खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरायला सुरुवात केली. जलाशय नाही, वर ओझं नाही. तरी शहराला धक्के बसू लागले. १९६६ मध्ये भरणं थांबवलं, आणि त्यातले सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ मध्ये आले. दाब खाली पसरतच होता.

कोयनेला १९६२ च्या सुमारास पाणी अडवलं आणि थोड्याच काळात सुरुंग उडाल्यासारखे आवाज आणि लहान धक्के सुरू झाले. १९६७ साली वरच्या पातळीवर पाणी आधीच्या वर्षांपेक्षा जास्त काळ टिकलं होतं. आजही पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्क्यांची संख्या वाढते, आणि ते सगळे साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यातच येतात. १९८५ पासून शेजारच्या वारणा धरणात पाणी अडल्यावर हालचाल तिकडेही दक्षिणेला सरकली. हा योगायोग मानायला माझी तयारी नाही.

आणि हे सगळं आपल्या काळ्या कातळात घडत नाही. कोयनेजवळच्या रासाटीला विंधण केलं तेव्हा बेसॉल्ट, म्हणजे तो काळा कातळ, सुमारे ९३३ मीटरवर संपला, खाली ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी जुना खडक लागला. धक्के त्या खडकात. सह्याद्री म्हणजे वरचं पांघरूण. हे वाचल्यापासून कुंभार्ली घाट चढताना मला त्या पांघरुणाची जाडी आठवते, काय करणार.

किल्लारीचं तुम्ही बरोबर धरलंत. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप कोयनेच्या चौकटीत बसत नाही. जवळच्या माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडे बोट दाखवणारे तेव्हाही होते, पण ते मत सर्वमान्य झालं नाही. मी त्या वादात शिरत नाही. पाण्याशिवायही भूकंप होतात, एवढ्याने कोयनेचं पाणी सुटत नाही.

राहिला धरणविरोध. ज्या विजेवर हे टंकतोय तिच्यात कोयनेचा वाटा असणारच, तेव्हा विरोध कसला? त्या पहाटे दोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तरी उंच भागात भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे भेगा पडूनही धरण उभं राहिलं, पुढे मागून काँक्रीटचा आधार देऊन पक्कं केलं. ते काम तुम्ही जवळून पाहिलंय असं प्रतिक्रियेच्या शेवटी ओझरतं लिहिलंत. भेगांतून पाणी पाझरताना भिंतीच्या आतल्या गॅलरीत काय दिसत होतं, रात्रपाळीला कोण थांबायचं, पहिला आधार कुठल्या भागाला दिला? लिहाल का? लेख इथे तुमच्या नावाने छापीन, एक शब्द न बदलता.