घरबसल्या डॉलर: सीमाभागातल्या होतकरूंसाठी

पदवी झाली, पुण्यात मित्राच्या खोलीवर राहून बघितलं, बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत पगार विचारून झाला, आणि आता आरपीडी क्रॉसवर चहा पिताना कुणीतरी सांगितलं की ब्लॉग काढ, झोपेत पैसे येतात. काढाच. झोपेचा अनुभव तुमच्याकडे आहे, म्हणजे निम्मं भांडवल जमलं.

सुरुवात नावापासून करा आणि तिथंच महिनाभर थांबा. नावात 'गुरू', 'मित्र', 'अड्डा', 'माहिती' यांपैकी दोन शब्द तरी हवेतच. गावाचं नाव घालायचं म्हटलंत तर पेच पडेल. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावी, तुमच्या तोंडात बेळगाव, आणि इंटरनेटवर शोधणारे दोन्ही स्पेलिंगं टाकतात. कामाचा माणूस यातलं कुठलंही एक घेऊन पुढं गेला असता. तुम्ही दोन्ही डोमेन, म्हणजे साइटचे पत्ते, विकत घ्या. पहिल्या वर्षी डॉट कॉम स्वस्तात मिळतं. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो आत्ता वाचू नका. पुढच्या वर्षी वाचायचाच आहे.

एखादा शहाणा म्हणेल, ब्लॉगर नावाची साइट फुकट आहे, तिथं सुरू कर. खरं आहे. १९९९ साली निघालेली आणि २००३ मध्ये गूगलनं घेतलेली ती सोय अजून चालू आहे. गूगलचं खातं असलं की दहा मिनिटांत पान उभं राहतं, होस्टिंगला पैसा लागत नाही. पण हीच तर गोम आहे. दहा मिनिटांत पान तयार झालं तर उरलेला दिवस लिहावं लागेल! त्यापेक्षा होस्टिंग, म्हणजे साइटला भाड्याची जागा घ्या, त्यावर ब्लॉग चालवायचं वर्डप्रेस बसवा आणि थीम बदलत राहा. आज निळी, उद्या केशरी. वेग वाढवायला एक प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर टाका, मग त्या प्लगइननं साइट जड झाली म्हणून दुसरं टाका. लोगो ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून करून घ्या. त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छांची सवय आहे, तेव्हा नावामागं सूर्यकिरणं येतील, अक्षरांना सोनेरी कडा येईल आणि खाली 'शुभेच्छुक' राहून जाईल. राहू द्या.

वर्डप्रेस बसवलं की 'हॅलो वर्ल्ड' नावाचा नमुना लेख आपोआप येतो. तो काढून टाकायला सांगतात. काढू नका. वर्षअखेरीस तुमच्या ब्लॉगवरचा तोच एक पूर्ण झालेला लेख असेल.

तिथंच, सेटिंगमध्ये, वाचनाच्या पानावर एक छोटा चौकोन असतो. शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये, अशा अर्थाचा. साइटचं काम चालू असेपर्यंत लोक त्यावर खूण करून ठेवतात आणि उघडायच्या दिवशी काढतात. तुम्ही काढायचं विसरा. सहा महिने गूगलवर ब्लॉग दिसणार नाही, आणि मग 'मराठी माणसावर गूगलचा अन्याय' असा घणाघाती मजकूर लिहायला तुम्ही मोकळे. अन्याय या विषयाला आपल्याकडं वाचक कधी कमी पडलेला नाही.

आता रचना. जाणकार सांगतात की नवख्यानं एकच विषय धरावा, त्याचे तीन-चार विभाग पाडावेत, प्रत्येक विभागात पाच-सात लेख झाल्यावर मगच पुढचा उघडावा, आणि एका लेखातून दुसऱ्याकडं दुवे द्यावेत, म्हणजे आलेला वाचक दोन पानं जास्त फिरतो. हे सगळं पटण्यासारखं आहे म्हणूनच टाळायचं. तुमच्या मेन्यूत शेती, नोकरी, राशिभविष्य, मोबाईल, शेअर बाजार, सुविचार, बाळाची नावं आणि 'इतर' हवंच. लेख शून्य असले तरी विभाग भरगच्च दिसले पाहिजेत. गणपतीत मंडळाची कार्यकारिणी छापतात, तसं: उपाध्यक्ष अकरा, मांडव घालायला दोघं.

आई रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठेल आणि विचारेल, "काय करूलालास रे एवढ्या रात्रीचं?" "ब्लॉगची कॅटेगरी लावूलालोय." "मग किती मिळतील?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. वायफाय गेलंय म्हणायचं.

मजकूर हा त्यातल्या त्यात क्षुल्लक भाग. तरी लिहायची वेळ आलीच तर शैली सांगून ठेवतो. समजा कुंद्यावर लिहायचंय. 'बेळगावचा कुंदा म्हणजे काय? बेळगावचा कुंदा हा बेळगावमधील प्रसिद्ध कुंदा असून बेळगावला आलेले लोक बेळगावचा कुंदा आवर्जून नेतात. चला तर मग जाणून घेऊया बेळगावच्या कुंद्याविषयी.' पुढं दुधाचे फायदे, गाईचं महत्त्व, साखरेचा इतिहास. दूध किती आटवायचं, तपकिरी रंग धरेपर्यंत कढई कशी ढवळत राहायची, तळ धरू नये म्हणून काय करायचं, हे शेजारच्या आजींना माहीत आहे. त्यांना विचारायला जाऊ नका. त्या चहा पाजतील आणि वेळ जाईल.

पर्यटनाचा विभाग काढलात तर 'बेळगावजवळची १० ठिकाणं' हा लेख सक्तीचा. किल्ला, कमल बस्ती, गोकाकचा धबधबा, राजहंसगड. फोटो दुसऱ्याच्या साइटवरून उचला. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर घ्यायची असेल तर १९२४ चं अधिवेशन आणि गांधीजी अध्यक्ष, एवढं पुरे. प्रत्यक्ष जाऊन विहीर बघायची गरज नाही. तुम्ही रोज तिच्यावरूनच जाता, पण ते वेगळं.

आणि आता सगळ्यात धोक्याचा विषय, जरा सांभाळून वाचा. सरकारी योजना. मराठी ब्लॉगविश्वाचा निम्मा संसार याच्यावर चालतो, त्यामुळं तुम्हालाही मोह होणारच. हरकत नाही, पण योजना महाराष्ट्राच्याच निवडा. 'लाडकी बहीण: नवीन यादी जाहीर, लगेच नाव पाहा.' यादी जाहीर झालेली नसली तरी चालतं. याच मथळ्याखाली पुण्या-नाशकातल्या शेकडो पोरांनी आधीच दुकानं मांडलीत, तुम्ही त्या गर्दीत शेवटी उभे राहा.

चुकूनही इकडचं लिहू नका. म्हणजे असं: खानापूरची आत्या रेशनकार्ड, आधार आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून येईल. कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार अडकलेत. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अजून सासूचंच नाव आहे की काय, तिला ठाऊक नाही. मोबाईलवर आलेला संदेश कन्नडमधला. "जरा बघ की रे, काय लिवलंय त्यात." तुम्ही मराठी शाळेत शिकलात तरी कन्नड विषय होता, त्यामुळं अडखळत का होईना वाचता येतं. पाच मिनिटांत उलगडा होईल. हे पाच मिनिटांचं ज्ञान मराठीत लिहून ठेवलंत तर खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या किती आत्यांना पोचेल, असला विचार मनात येऊ देऊ नका. आत्याला चहा द्या, बसस्टँडवर सोडा आणि परत 'लाडकी बहीण'च्या यादीकडं वळा. त्या योजनेत आत्या बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

उताऱ्याचंही तेच. सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, यावर मराठीत ढीगभर लेख आहेत. आपल्या शेताला सातबारा नाही, आरटीसी हा कर्नाटकातला उतारा आहे. ती 'भूमी' या सरकारी साइटवर मिळते. तिथं जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर विचारतात आणि मग 'सरनॉक' नावाचा रकाना येतो. या सरनॉकपाशी येऊन भलेभले कुळंबी थांबतात आणि तहसीलदार कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पैसे मोजतात. होबळी म्हणजे काय, सरनॉकमध्ये काय टाकायचं, हिस्सा नंबर कुठून घ्यायचा, हे मराठीत चार परिच्छेदांत सांगणारं पान शोधून बघा. मराठीत कागद द्या म्हणून आपण जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चे काढतो, घोषणा देताना घसा बसतो. कागद मराठीत समजावून सांगायला परवानगी लागत नाही, मोर्चा लागत नाही, हातात कन्नड शिकलेला एक रिकामा पोरगा आणि लॅपटॉप आहे. पण यात ग्लॅमर नाही. तुम्ही 'सातबारा' हाच शब्द वापरा. त्याला सर्च जास्त आहे.

निपाणीची तंबाखू, वडगावच्या मागावरची साडी, गावठी बासमतीचा वास का गेला, यांनाही हाच न्याय. घरातल्या माणसांना ज्यातलं सगळं कळतं, त्यावर ब्लॉग काढायचा नसतो. आपल्याला ज्यातलं काही कळत नाही, उदाहरणार्थ क्रिप्टो, त्यावर काढायचा.

लेख झाला की दुवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. लेखाचा पत्ता छोटा, रोमन अक्षरांत करून घ्यायची सोय असते, ती वापरू नका. देवनागरी मथळ्याचा पत्ता तसाच चिकटवला की टक्क्यांची खूण, ई, शून्य, पुन्हा टक्क्यांची खूण, ए, चार, अशी मालगाडी निघते आणि मोबाईलचे दोन पडदे भरून जाते. काका लगेच लिहितील, 'कुणी उघडू नका, खात्यातले पैसे जातात.' तुमच्या वाचकसंख्येची सुरुवात इथून.

उघडणारे थोडे निघाले तरी त्यांचा पुरेपूर उपयोग करा. जाहिरातींना मंजुरी मिळाल्याबरोबर मामाला, मावशीला, वर्गमित्रांना फोन करून सांगा की दिवसातून दहा वेळा जाहिरातीवर बोट दाबा. स्वतःही दाबा. या जाहिराती देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सच्या नियमात हे साफ बसत नाही, असले क्लिक त्यांना कळतात आणि खातं बंद होतं, हे नियमांच्या पानावर लिहिलेलं आहे. नियमांचं पान कोण वाचतं?

खातं त्यातून वाचलं आणि कमाई दहा डॉलरवर गेली, तर खरी मजा. अ‍ॅडसेन्स तुमचा पत्ता तपासायला सहा आकडी पिन पाठवतं. ईमेलनं नाही, साध्या टपालानं. रजिस्टर नाही, त्यामुळं कुठं पोचलं ते बघायची सोय नाही. पत्ता तुम्ही टाकलेला असेल 'पाटील गल्ली, मारुती मंदिराजवळ, येळ्ळूर'. गल्लीत घरोघरी पाटील. पोस्टमनकाका लिफाफा फिरवून बघतील आणि विमा कंपनीची जाहिरात समजून कट्ट्यावर ठेवतील. तिथून तो किराणा दुकानात, दुकानातून भजीच्या कागदात. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात. कागद दाखवायचे म्हटलं तर आधारवर बेळगावी, जुन्या पासबुकावर बेळगाव, आणि नावाच्या स्पेलिंगचं तर विचारूच नका. वडिलांचं नाव मधे आहे की शेवटी, यावर घरातच एकमत नसतं.

शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. तोवर घरच्यांना डॉलरमध्येच आकडा सांगा आणि गुणाकार त्यांना करू द्या. शंभर झालेच, तर बँकेत स्विफ्ट कोड मागायला जावं लागेल. परदेशातून पैसे यायला तो लागतो आणि गावातल्या शाखेला तो बहुधा नसतो. शाखेतून तुम्हाला शहरातल्या मुख्य शाखेत पाठवतील, तिथले साहेब कन्नडमध्ये विचारतील की परदेशात कोण आहे. 'कुणी नाही, जाहिराती आहेत' असं सांगितलंत की ते चष्मा काढून तुमच्याकडं नीट बघतील.

एवढी यातायात करण्यापेक्षा मधला टप्पा गाळून थेट शेवटच्या टप्प्यावर जा, जिथं या धंद्यातली बरीच मंडळी शेवटी पोचतात. टिळकवाडीत तासावर हॉल घ्या आणि 'ब्लॉगमधून महिन्याला लाख रुपये' अशी एक दिवसाची कार्यशाळा ठेवा. बाहेर फलक लावाल तर साठ टक्के कन्नड असू द्या, २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकचा कायदा तसाच आहे, नाहीतर पोरांच्या आधी पालिकेची माणसं नोंदणीला येतील. चहा-बिस्किटं धरून फी ठेवा, ती आगाऊ घ्या, प्रमाणपत्राला सोनेरी कडा करायला फ्लेक्सवाला आहेच. दुपारच्या सत्रात मागच्या खुर्चीवरचा एखादा पोरगा उठून विचारेल, "सर, तुमच्या ब्लॉगवरनं तुम्हाला किती मिळाले?" त्याला शांतपणे सांगा, हे आपण अ‍ॅडव्हान्स बॅचमध्ये घेणार आहोत.